उभ्या गाडीचे दुखणे



या व्याख्यानमालेचे निमंत्रण देण्यासाठी चिटणीस माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी मला विषय विचारला. कामगार संघटनेचा माणूस म्हटला म्हणजे तो महागाई भत्ता, बोनस किंवा कामगार कायदे यांवरच बोलणार, अशी त्यांची समजूत असावी. मी म्हणालो, "मी एका जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीविषयी बोलणार आहे. ती रस्त्यावर झकास धावते, पण सिग्नलला उभी राहिली की थरथरते आणि बंद पडते. तिचा दोष कसा शोधावयाचा, हा माझा विषय." चिटणीस क्षणभर गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "मोटार आपली आहे का?" मी म्हणालो, "नाही हो, माझी सायकल आहे. पण त्या मोटारीपायी मी एका माणसाचे देणे लागतो. ते चारचौघांत कबूल करावयाचे आहे."

तेव्हा आज विषय मोटारीचाच आहे. ज्यांनी कधी बोनेट उघडून पाहिले नाही त्यांनीही घाबरू नये. मी शाळा दहावीनंतर सोडलेला माणूस आहे. मला जे समजले ते कुणालाही समजेल.

१९८९ साली मी १८ वर्षांचा होतो आणि गिरगावच्या बाजूला एका गॅरेजात हेल्पर म्हणून काम करीत होतो. हेल्पर म्हणजे पाने पुसावयाचे, चहा आणावयाचा, गाडीखाली निजून वर दिवा धरावयाचा. गॅरेजात आम्ही सातजण. त्यांतील मुख्य मिस्त्री रत्नागिरीकडचे होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत, मीही म्हणे. वय साठीच्या आसपास, डोळ्यांना जाड चष्मा. २२ वर्षे त्याच गॅरेजात नोकरी. कान असा की, गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की हातातला चहा खाली न ठेवता सांगत, "तीन नंबरचा प्लग मारत नाही."

त्या गॅरेजात एक गाडी येत असे. लाल रंगाची, दोन माणसांची, उघड्या टपाची एमजीबी, १९६६ सालची. एमजी ही अक्षरे 'मॉरिस गॅरेजेस' या ऑक्सफर्डमधील नावावरून आली. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत ही गाडी तयार होत होती. पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. लोकांना वाटते, स्पोर्ट्‌स मोटार म्हणजे काही अद्भुत यंत्र असणार. तसे नाही. हिचे इंजिन चार सिलिंडरांचे, १७९८ सीसीचे, साध्यासुध्या घरगुती मोटारींच्याच घराण्यातले. फरक एवढाच की त्याला एकाऐवजी दोन कार्बोरेटर असतात.

कार्बोरेटरवर एस.यू. अशी अक्षरे होती. त्यांचा अर्थ मी उस्तादांना विचारला. ते म्हणाले, "स्किनर्स युनियन." मी तोवर युनियन हा शब्द गिरणीच्या दारापुढच्या घोषणांतच ऐकला होता. तेव्हा माझ्या आयुष्यात पहिली युनियन आली ती अशी, पेट्रोलच्या वासासकट! पुढे वाचनात आले की हे स्किनर बंधू इंग्लंडातील बूट-चपलांच्या व्यापारी घराण्यातले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी हा कार्बोरेटर काढला आणि त्याच्या पहिल्या नमुन्यांत चामड्याचा भाता होता. लोहाराच्या भात्याची कल्पना डोळ्यांपुढे ठेवा, म्हणजे पुढचे सर्व सोपे जाईल.

इंजिन श्वास घेते. श्वासाबरोबर पेट्रोल आत जाते. साधारण एक भाग पेट्रोलला वजनाने १५ भाग हवा, असा हिशेब असतो. एस.यू. कार्बोरेटरात वर एक घंटेसारखे भांडे असते. त्यात दट्ट्या असतो आणि दट्ट्याच्या तळाशी निमुळती होत गेलेली सुई. ती सुई खालच्या जेटच्या भोकात उतरलेली असते. इंजिनाने जास्त ओढ घेतली की दट्ट्या उचलला जातो, सुई वर येते, सुईच्या भोवतीची जागा रुंदावते आणि पेट्रोल जास्त येते. ओढ कमी झाली की दट्ट्या खाली. जेवढा श्वास तेवढा घास. इतकी साधी, इतकी सुरेख योजना मी नंतरही फार थोड्या यंत्रांत पाहिली.

आता प्रश्न असा की, गाडी धावताना ठीक आणि उभी राहिली की आजारी, असे का व्हावे? गाडी उभी असताना इंजिन नुसते फिरत असते. याला आयडलिंग म्हणतात. जुने मिस्त्री 'स्लो' म्हणत. अशा वेळी मिनिटाला सातशे-आठशे फेरे होतात. थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटलेली असते. बाहेरून हवा फारच थोडी येते, आणि आत मेनिफोल्डमध्ये ओढ मात्र जबर असते. अशा वेळी कोठे सुईच्या टोकाएवढे छिद्र असले, तर त्यातून चोरून येणारी हवा एकंदर हवेच्या मानाने पुष्कळ होते. तीच गाडी चाळीस मैलांच्या वेगाने धावू लागली की पाकळी उघडते, हवेचा लोंढा येतो आणि त्यात ती चोरटी हवा हिशेबातही धरली जात नाही. धावत्या घरसंसारात पाच-पन्नास रुपयांची गळती कळत नाही. महिनाअखेरीस हात आखडला म्हणजे कळते. इंजिनाचेही तसेच. सर्व दुबळेपण उभ्या गाडीत उघडे पडते.

पण गळती हे अनेक कारणांपैकी एक. दोष टेपेटमध्ये असेल, पॉइंटमध्ये असेल, प्लगमध्ये असेल, कार्बोरेटरात असेल. लक्षण एकच, थरथर. कारणे दहा. येथेच माणूस चुकतो. मी कसा चुकलो ते आता सांगतो.

त्या दिवशी ती लाल गाडी उभ्या जागी थरथरत आली. उस्तादांनी पाच मिनिटे ऐकले आणि शेटना सांगितले, "शेट, गाडी कुठून तरी एअर खेचते आहे. दोन दिवस ठेवा, शोधून काढतो." असे सांगून ते जेवायला गेले. इतक्यात गाडीचे मालक परत आले. संध्याकाळी त्यांना गाडी हवी होती. शेट मला म्हणाले, "काय रे, तू एवढा उस्तादाच्या मागे मागे असतोस, जरा बघ की."

मी पाहिले म्हणजे काय केले? कार्बोरेटरच्या खाली जेटचा नट असतो. तो खाली उतरवला की पेट्रोल वाढते, वर चढवला की कमी होते. हा नट उस्तादांना फिरवताना मी पाहिला होता. मी दोन्ही नट खाली फिरवले. थोडे फिरवले, ऐकले, आणखी थोडे फिरवले. थरथर कमी झाली. मग स्लोचा स्क्रूही आवळला. इंजिन शांत गुरगुरू लागले. मालक खूष, शेट खूष. शेटनी मला दहा रुपये बक्षीस दिले. उस्ताद परत आले तोवर गाडी निघत होती. त्यांनी आवाज ऐकला आणि विचारले, "हिला हात कोणी लावला?" शेट आत हिशेबात होते. मी पाने पुसत होतो. मी काही बोललो नाही.

मी काय केले होते ते आज तुम्ही सगळे सांगू शकाल. इंजिनात चोरटी हवा येत होती, म्हणून मिश्रणात पेट्रोल कमी पडत होते. मी ती हवा शोधली नाही. पेट्रोल वाढवून ती झाकली. उभ्या गाडीला ते पचले. रस्त्यावर चोरटी हवा नगण्य झाली आणि वाढवलेले पेट्रोल मात्र उरले. चार दिवसांत गाडी परत आली ती काळा धूर ओकत, मिसिंग मारत. चारही प्लग काजळीने माखलेले. मालक संतापले. शेट सर्वांदेखत म्हणाले, "उस्तादांचा हात आता चालत नाही. नजर गेली." महिना संपताच उस्तादांना हिशेब देऊन रजा दिली. २२ वर्षांच्या नोकरीचा हिशेब एका पाकिटात मावला. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा तेव्हा होता, पण तो लागू होण्यासाठी दहा माणसे लागत. आम्ही सात होतो.

मी त्या दिवशीही बोललो नाही. नोकरी जाईल ही भीती होती, हे खरे. पण त्याहून खरे हे की, दहा रुपयांचे बक्षीस मिळाल्यावर आपण कारागीर झालो असे मला वाटू लागले होते, आणि ते वाटणे मला सोडवत नव्हते.

आता दोष शोधण्याचा योग्य क्रम कोणता, तो सांगतो. मी तो पुढे उस्तादांकडून, दुसऱ्या मिस्त्रींकडून आणि एका जुन्या वर्कशॉप मॅन्युअलमधून शिकलो. ते पुस्तक इंग्रजी होते. रात्रशाळेतून आल्यावर शब्दकोश शेजारी ठेवून मी रोज अर्धे पान वाचीत असे. माझे इंग्रजी हे त्या पुस्तकाचे इंग्रजी आहे. त्यामुळे प्रेमपत्र लिहिता येणार नाही, पण टेपेटची गॅप सांगता येईल.

पहिली गोष्ट, हत्यार हातात घेण्यापूर्वी विचारा. गाडी थंड असताना थरथरते की तापल्यावर? दोष हळूहळू आला की एका दिवसात? त्याआधी कोणी काय काम केले होते? वैद्य नाडीला हात लावण्याआधी चार प्रश्न विचारतो, ते उगीच नव्हे.

दुसरी गोष्ट, पाहा. नळ्यांना चिरा आहेत का, वायरी सैल आहेत का. चोकची तार पूर्ण परत जाते का? एस.यू. कार्बोरेटरात चोक ओढला की जेट खाली येतो. दोहोंपैकी एक जेट खालीच अडकून राहिला, तर अर्धे इंजिन काळा धूर काढील आणि आपण भलतीकडेच शोधत बसू. बोटाने जेट वर ढकलून पाहावा. यास एक पैसा लागत नाही.

तिसरी गोष्ट, इंजिनाची प्रकृती. टेपेटची गॅप आधी बघावी. या इंजिनाला ती १५ थाऊ देत, म्हणजे इंचाचा हजारावा भाग अशा १५ भागांची. मग चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून एकमेकांशी ताडून पाहावे. शेजारशेजारचे दोनच कमी भरले, तर हेडचे पॅकिंग त्या दोघांच्या मध्ये फुटले असण्याचा संभव. एक व्हॉल्व्ह जळाला असेल तर जगातला कोणताही कार्बोरेटर ती गाडी शांत करू शकणार नाही.

चौथी गोष्ट, ठिणगी. डिलकोतील पॉइंटची गॅप १५ थाऊ, प्लगची २५ थाऊ, आणि ठिणगीचा क्रम १-३-४-२. डिलकोचा दांडा बुशमध्ये खेळत असेल तर पॉइंटची गॅप प्रत्येक फेऱ्यात बदलते. डिलकोच्या आत दोन वजने आणि त्यांना धरणाऱ्या दोन बारीक स्प्रिंगा असतात. वेग वाढला की ती वजने बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. स्प्रिंगा ढिल्या झाल्या की ही गोष्ट उभ्या गाडीतच सुरू होते. इंजिन वेग घेते, पडते, पुन्हा घेते. अशा वेळी लोक कार्बोरेटर खोलतात. मिस्त्रींत एक जुना विनोद आहे की, कार्बोरेटरचे बहुतेक आजार डिलकोत सापडतात.

एक एक प्लगची वायर काढून पाहण्याची रीतही जुनी आहे. हातात कोरडी, रबरी मुठीची पक्कड हवी. वायर काढल्यावर इंजिन लंगडले, तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर तोच कामचुकार. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांवर मात्र हा प्रयोग करू नये. धक्काही बसेल आणि भुर्दंडही.

पाचवी गोष्ट, चोरटी हवा. मेनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावावे. निरोगी इंजिनात काटा १७ ते २१ इंचांच्या दरम्यान स्थिर राहतो. तो खाली पण स्थिर असेल तर गळती किंवा उशिरा पडणारी ठिणगी. ठराविक ठेक्याने खाली जात असेल तर एखादा व्हॉल्व्ह. गळती नेमकी कोठे हे शोधण्यासाठी जुने मिस्त्री तेलाच्या कुप्पीने एकेका सांध्यावर थेंब सोडीत. थेंबाने छिद्र बुजले की इंजिनाचा आवाज बदले. हल्ली फवाऱ्याचा डबा वापरतात; पण तापलेल्या इंजिनावर तो पेटू शकतो, याचे भान असावे. थ्रॉटलचा दांडा जेथे कार्बोरेटरच्या शरीरात फिरतो, तेथे वर्षानुवर्षांच्या घासण्याने जागा होते. तेथूनही हवा येते. नव्या काळात आणखी एक भर पडली आहे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या घाटणीच्या रबरी नळ्या खराब होतात आणि मिश्रणही थोडे पातळ पडते. जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी नळ्या बदलून घ्याव्यात.

आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर. दोन्हींची हवा सारखी करावयाची. त्यासाठी एक साधी रबरी नळी पुरते. एक टोक कानाशी, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी. दोन्हींकडचा सुस्कारा सारखा ऐकू आला पाहिजे. पुढचा कार्बोरेटर मुख्यतः पहिल्या दोन सिलिंडरांना पोसतो, मागचा पुढच्या दोघांना, आणि दोघांना जोडणारी एक नळी असते. त्या नळीमुळे एकाचे उणे दुसऱ्याच्या अधिकाने भरून निघाल्यासारखे दिसते. सरासरी ठीक, पण पुढचे दोघे उपाशी आणि मागचे दोघे अजीर्णाने बेजार! सरासरीवर विश्वास ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात धरावी. पगाराच्या वाटाघाटीतही ती मला उपयोगी पडली आहे.

मग मिश्रण. नटाला सहा पैलू असतात. एका वेळी एक पैलू फिरवावयाचा, आणि थांबून ऐकावयाचे. दट्ट्या एक बारीक खीळ दाबून इंचाच्या बत्तिसाव्या भागाइतका उचलावा. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला, तर पेट्रोल जास्त. लगेच पडला, तर कमी. किंचित वाढून पूर्ववत झाला, तर बरोबर. धुराड्याचा आवाजही सांगतो. पेट्रोल कमी असेल तर आवाज तुटक, पाणी शिंपडल्यासारखा, धूर बिनरंगी. जास्त असेल तर ठेक्यात घोडा दौडल्यासारखा, धूर काळा.

असा हा क्रम. मी या सहा पायऱ्यांपैकी शेवटच्या पायरीवर उडी मारली होती, आणि तीही चुकीच्या दिशेने.

उस्ताद गेल्यावर त्यांच्या जागी नवा मिस्त्री आला. त्याने प्लग बदलले, नट वर घेतले. थरथर पुन्हा सुरू. अर्थात, मूळ दोष होता तेथेच होता. त्या मिस्त्रीने मेनिफोल्डवर बसवलेल्या एका चपट्या डबीकडे बोट दाखवले. त्या काळच्या एमजीबींना ही डबी असे. इंजिनाच्या पोटातील वाफ परत ओढून घेण्यासाठी ती असते, आणि तिच्या झाकणाखाली रबराचा पातळ पडदा असतो. झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असते. मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून त्या छिद्रावर बोट ठेवले. थरथर थांबली. बोट काढले, पुन्हा सुरू. झाकण काढले तेव्हा पडदा एका बाजूला फाटलेला निघाला. तो फाटका पडदा मी कितीतरी वर्षे जपून ठेवला होता.

मॅन्युअलात नंतर वाचले की, ही डबी तपासण्याची आणखी सोपी रीत आहे. गरम इंजिन स्लोवर ठेवून तेल भरण्याचे झाकण काढावे. डबी ठीक असेल तर इंजिनाचा वेग सुमारे २०० फेऱ्यांनी वाढतो. वाढला नाही तर डबी पाहावी. एक झाकण उघडण्याचे काम! उस्तादांनी दोन दिवस मागितले होते, त्यांना दोन तासही लागले नसते.

तीन महिन्यांनी मी उस्तादांना शोधून काढले. भायखळ्याला एका स्कूटरच्या दुकानात ते निम्म्या पगारावर काम करीत होते. मी म्हणालो, "उस्ताद, त्या दिवशी लाल गाडीला मी हात लावला होता." ते खाली बसून प्लग घासत होते. वर न पाहता म्हणाले, "ठाऊक आहे मला. पाने त्या दिवशी जरा जास्तच चकचकीत पुसलीस तू." मग त्यांनी विचारले, "नट किती फिरवलेस?"

मी म्हणालो, "मोजले नाही."

"पुढचा जास्त की मागचा?"

"लक्षात नाही."

ते म्हणाले, "मग तू काय केलेस ते तुलाही ठाऊक नाही. हात लावलास याचा मला राग नाही रे. मोजले असतेस, तर परत जागेवर आणता आले असते. न मोजता फिरवलेले परत येत नाही."

मी शेटकडे जाऊन सांगतो म्हणालो. ते म्हणाले, "सांग. तुझ्यासाठी सांग. मी काही परत यायचा नाही." मी सांगितले. शेटनी मलाही हिशेब दिला. तो हिशेब मला फारसा जड गेला नाही. उस्तादांनी मला भायखळ्याच्या दुकानात बसवून घेतले आणि दोन वर्षे शिकवले. चोरटी हवा, पैलू, कानाशी धरलेली नळी, हे सगळे तेथले.

मंडळी, मी पुढे कामगारांच्या चळवळीत आलो. तीस वर्षे झाली. कारखान्यातल्या खातेनिहाय चौकश्यांत कामगाराच्या बाजूने बसणे हे माझे बरेचसे काम. तेथे मला रोज ती लाल गाडी भेटते. एका कारखान्यात रात्रपाळीचा माल खराब निघत होता. आरोपपत्र मिळाले मशिनवरच्या माणसाला. मी म्हटले, आठ दिवस फक्त लिहून ठेवा. काही बदलू नका. कोणत्या वेळी, कोणत्या मशिनवर, हवेचा दाब किती. लिहिल्यावर दिसले की, रात्री शेजारचा विभाग त्याच कॉम्प्रेसरवर चालत असे आणि दाब पडत असे. माणूस तोच, हात तेच, हवा कमी. आरोपपत्र मागे घेण्यात आले.

पण मला दुसरीही हकीकत सांगितली पाहिजे, नाही तर मी वकिली करतो आहे असे होईल. दुसऱ्या एका प्रकरणात मी असाच आग्रह धरला. लिहून ठेवले, मोजले, आणि दोष आमच्याच सभासदाचा निघाला. तो मोजमाप न करताच नोंदी भरत होता. मला ते कबूल करावे लागले. युनियनमध्ये चार लोक माझ्यावर रागावले. मी त्या सभासदाची नोकरी वाचवली, शिक्षा वाचवली नाही. तपास नेहमी आपल्या बाजूचा निघेल अशी हमी घेऊन तपास करावयाचा नसतो.

त्या मोटारीच्या जन्मगावाचीही गोष्ट थोडी अशीच आहे. अ‍ॅबिंग्डनला एमजीला ५० वर्षे झाल्याचा उत्सव सप्टेंबर १९७९ मध्ये झाला, आणि त्याला लागूनच, १० सप्टेंबरला, कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. पौंड महागला होता, अमेरिकेत गाडी विकणे तोट्याचे झाले होते, असे कारण दिले गेले. कामगारांच्या हातात दोष आहे असे तेथे कोणी म्हटले नाही. तरी हिशेब मिळाला तो त्या हातांनाच. दोष कोठला आणि दंड कोणाला, हा प्रश्न गिरगावच्या गॅरेजाएवढाच अ‍ॅबिंग्डनलाही लागू आहे.

थरथर सगळीकडे आहे. संस्थांत आहे, घरांत आहे. पोरगा अभ्यास करीत नाही, सून बोलत नाही, दुकान चालत नाही. आपण सारे हाताशी असेल तो नट फिरवतो. आवाज चार दिवस शांत होतो आणि आपल्याला दहा रुपये बक्षीस मिळते. मी एवढेच सांगतो की, नट फिरवण्यापूर्वी तो कोठे होता ते लिहून ठेवा. एका वेळी एकच फिरवा. आणि ज्याने दोन दिवस मागितले आहेत, त्याला दोन दिवस द्या.

उस्ताद वारले त्याला आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या मयतीला मी गेलो होतो. त्यांच्या मुलाने मला त्यांची रबरी नळी दिली. तिची दोन्ही टोके आता कडक झाली आहेत. चौकशीला जाताना मी ती पिशवीत ठेवतो. कोणी विचारले तर सांगतो, ऐकण्याचे साधन आहे.